चाळीस टक्के शुक्रवार

गोदाबाईनं पारावरच्या फळ्यावरचं पुढच्या आठवड्याचं सगळं हवामान पदरानं पुसून टाकलं, तेव्हा पारावर सात माणसं चहा पीत बसली होती आणि त्यांतल्या एकाचीही बशी ओठापासून हालली नाही. हवामान लिहिणारा तिचा नवराच होता. नवरा-बायकोच्या मधे आणि विजेच्या तारेखाली पिंपळमळ्यात कुणी उभं राहत नाही.

पुसलं ते असं होतं : 'सोमवार ते रविवार. आभाळ येईल. काही ठिकाणी पाऊस होईल, काही ठिकाणी होणार नाही. वारा सुटल्यास वारा.' खाली सही, कोंडीराम.

"ह्यात एक चूक दाव," कोंडीराम म्हणाला.

"चूकच न्हाई त्यात," गोदाबाई म्हणाली, "म्हणून तर पुसलं."

पिंपळमळा हडपसरच्या पुढं, कालव्याला चिकटून आहे. नावात मळा आहे, पण मळे विकून झाले त्याला दहा-बारा वर्षं झाली. गाव शहरात गेलं असं लोक म्हणतात. खरं तर गाव जागेवरच होतं, शहर चालत आलं आणि बसलं. तरी भैरोबाच्या पारावरचा फळा तसाच राहिला. दर रविवारी सकाळी त्यावर पुढच्या आठवड्याचं हवामान लिहायचं, खाली सही करायची, आणि जेवढे दिवस चुकतील तेवढे दिवस, ज्याचं नुकसान झालं त्याच्या वावरात फुकट राबायचं, अशी तिथली जुनी रीत. हे लिहिण्याचा मान कोंडीरामाच्या घराण्याचा. मान कसला, जन्मठेपच म्हणा. त्याच्या बापानं एका भादव्यात छाती ठोकून सातही दिवस कोरडे लिहिले. सातही दिवस असा पाऊस लागला की कालव्यातले मासे चढून पारापर्यंत आले आणि फळ्याखाली तोंडं वर करून काय लिहिलंय ते बघत राहिले. म्हातारा दिवाळी होईस्तोवर लोकांच्या रानात खुरपत होता. कोंडीराम हवामान शिकला तो बापाच्या हातावरचे घट्टे बघून. गेल्या चाळीस वर्षांत त्याचा एकही दिवस चुकला नव्हता, आणि एकही दिवस त्यानं खुरप्याला हात लावला नव्हता. स्वतःच्या वावरातसुद्धा नाही. आभाळाकडं लक्ष ठेवावं लागतं ना.

आता गावात हवामान लागतं कुणाला, तर गाडी आज धुवावी की उद्या, एवढ्यापुरतं. पण गोदाबाईला लागत होतं. सनशाईन हाइट्स नावाच्या टॉवरचं कंपाउंड आणि कालवा यांच्या मधे तिचं चौदा गुंठ्यांचं वावर उरलं होतं, आणि त्यात झेंडू होता. अख्ख्या पिंपळमळ्यातली शेवटची फुलं. धाकटा मुलगा चेतन कर्वेनगरात राहून कंप्युटरची नोकरी करायचा, तो वर्षभर मागं लागला होता की आई, एवढ्याशा तुकड्यात काय ठेवलंय, टॉवरवाले पार्किंगसाठी जागा शोधतायत, देऊन टाकू. गोदाबाईनं शेवटी वैतागून कबूल केलं होतं : यंदाच्या दसऱ्याला फुलं नीट गेली तर ह्याचं नाव काढायचं नाही, आणि फुलं गेली वाया, तर फिरव तुझा डांबराचा रोलर. चेतननं ते लगेच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. शिकलेला मुलगा.

दसरा शनिवारी होता. सुखदेवचा टेम्पो गुलटेकडीच्या फूलबाजाराला न्यायला यायचा होता शुक्रवारी संध्याकाळी पाचला. त्याच्या आधी त्याला सवड नव्हती, कारण आठवडाभर तो कुठल्याशा देवीच्या मंडळाचे मांडव वाहत होता. म्हणजे फुलं तोडायची शुक्रवारीच, तेव्हाच ती ताजी टवटवीत राहणार. आणि परतीचा पाऊस नेमका दुपारी तीन-चारला येणार. भिजलेला झेंडू झाडावरच काळा पडतो, आणि काळा झेंडू देव घेत असेल, गिऱ्हाईक घेत नाही.

"शुक्रवारी पाऊस येनार का न्हाई," गोदाबाई म्हणाली. "एवढंच लिवा. आभाळ येईल हे मला ठावं हाय. जाईल कुठं ते."

कोंडीराम खडू चोळत राहिला. त्याच वेळी श्रीधरपंत फिरून आले.

श्रीधरपंत मूळचे नारायण पेठेतले. निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना सनशाईन हाइट्सच्या चौदाव्या मजल्यावर आणून ठेवलं होतं, कुंडी ठेवतात तसं, उन्हाच्या बाजूला. गच्चीत त्यांनी पाऊस मोजायचं नळकांडं, हवेचा दाब सांगणारं घड्याळ आणि दोन थर्मामीटर लावले होते. रोज सकाळी फिरायला म्हणून ते पारापर्यंत यायचे आणि फळ्यावरच्या वेलांट्या दुरुस्त करून परत जायचे. गावानं त्यांना कधी या म्हटलं नव्हतं आणि जा म्हणायलाही कुणाला जमलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना अहो म्हणायचे.

"कोंडीरामराव, आपला अंदाज मी नेमानं वाचतो," ते म्हणाले. "तो चुकत नाही, कारण तो अंदाजच नसतो. पाहुणे जेवतील किंवा जेवणार नाहीत, असं कुणी सांगितलं तर आपण भात किती टाकाल?"

गोदाबाईला हा माणूस पहिल्यांदाच कामाचं बोलताना दिसला. ती म्हणाली, मग तुमी लिवा. कोंडीराम म्हणाला की लिवू द्या की, सहीपण करू द्या, रीत सगळ्यांना एकच. श्रीधरपंत म्हणाले, लिहितो, पण आधी ढग कसा होतो ते समजून घ्या, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

मग त्यांनी चहावाल्याकडून घोटभर गरम पाणी मागितलं, ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं, काडी ओढून विझवली आणि तिचा धूर आत सोडून झाकण लावलं. बाटली दाबली, काही दिसेना. दाब सोडला, तशी आत पांढुरकी वाफ दाटली. पुन्हा दाबली, गेली. पुन्हा सोडली, आली. सातही माणसांच्या बशा खाली आल्या. पंतांनी सांगितलं की ऊन लागलं की जमिनीजवळची हवा तापते, हलकी होते, ओलावा घेऊन वर चढते. वर गेली की फुगते, फुगली की गार होते, आणि तो ओलावा धुळीच्या, धुराच्या बारीक कणांवर बसतो. तो ढग. बाटली हातोहात फिरली. पारावर पंचाचं काम करणाऱ्या संपतनं सात वेळा ढग केला आणि सात वेळा मोडला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की निवडणूक जिंकल्यावरही आलं नव्हतं.

कोंडीरामनं बाटली उजेडाला धरून बघितली. "झाला ढग. आता पाडा."

पंत म्हणाले की एवढ्यात थेंब जड होत नाहीत, त्याला उंची लागते, वेळ लागतो.

"म्हंजी ढग तुमच्या हातात, पाऊस न्हाई," कोंडीराम म्हणाला. "माझं बी तसंच हाय. मी फकस्त बाटली घेऊन फिरत न्हाई."

तरी पंतांनी लिहिलं. फळ्याच्या उजव्या अर्ध्या भागात, रेघा आखून : सोमवारी पावसाची शक्यता दहा टक्के, मंगळवारी दहा, बुधवारी वीस, गुरुवारी तीस, शुक्रवारी चाळीस. खाली सही, तारीख आणि वेळ.

गोदाबाईनं विचारलं, चाळीस म्हणजे येणार का नाही. पंत म्हणाले, अहो, म्हणजे असे शंभर शुक्रवार घेतले तर त्यातल्या चाळीस शुक्रवारी पाऊस पडेल आणि साठ शुक्रवारी पडणार नाही.

"मला एकच शुक्रवार पायजे," गोदाबाई म्हणाली. "बाकीचे नव्याण्णव तुमी ठेवा, तुमची गच्ची मोठी हाय."

पार हसला. पंतही हसले, पण थोडे, नारायण पेठेत जेवढं हसतात तेवढं. आणि ह्या हसण्यात एक गोष्ट घडली, ती गोदाबाईनं बघितली. आपल्याच बायकोनं दुसऱ्या माणसाला हवामान विचारलं, तेही चारचौघांत, हे कोंडीरामच्या आता कुठं ध्यानात आलं होतं. तो उठला, डाव्या भागात गेला, सोमवार ते गुरुवार नेहमीसारखं नुसतं 'आभाळ' लिहिलं आणि खाली चाळीस वर्षांत घराण्यात कुणी लिहिलं नव्हतं ते लिहिलं : 'शुक्रवार कोरडा.' सही केली. संपतनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, मयताला घेतात तशी.

सोमवार कोरडा गेला. मंगळवारी दुपारी चारला कुठूनसा एक ढग आला, वीस मिनिटं बदाबदा पडला आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं निघून गेला. गोदाबाईच्या अंगणात वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा भिजल्या. कोंडीरामच्या बाजूला मंगळवारी 'आभाळ' एवढंच होतं. आभाळ आलं होतं, तो सुटला. राहिले पंत.

बुधवारी सकाळी पारावर निवाडा बसला. पंतांचं म्हणणं की दहा टक्के शक्यता सांगितली होती, पाऊस पडला, म्हणजे मी चुकलो असं होत नाही. संपतनं त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की साहेब, आम्ही अडाणी असलो तरी हिशेब कळतो. पाऊस पडेल दहा टक्के म्हणालात, म्हणजे तुम्ही दहा टक्के बरोबर. उरले नव्वद. दिवसाचं काम नऊ ते पाच, आठ तासांचं. त्याचे नव्वद टक्के करा. पंतांनी मनातल्या मनात गुणाकार केला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की गणित बरोबर आलं पण ते गणित नव्हतंच.

"सात तास बारा मिनिटं," ते म्हणाले.

"म्हंजी चार वाजून बारा मिंटांनी सुट्टी," संपत म्हणाला. "त्या बारा मिंटांत आमी सूट देत न्हाई. शास्त्राचा मान हाय."

श्रीधरपंत आले हे त्यांचं मोठेपण. त्याच दिवशी बरोबर नऊला वावरात आले, डोक्याला हॅट, हाताला बागेतले मोजे, खिशात पाण्याची बाटली. गोदाबाईनं त्यांना खुरपं दिलं आणि कुठलं गवत, कुठलं रोप ते दाखवलं. पहिल्या तासात त्यांनी तीन रोपं काढली, ती गोदाबाईनं बोलता बोलता परत लावली. कोंडीराम बांधावर बसून देखरेख करत होता. एवढ्या वर्षांनी त्याच्या वावरात एक पुरुष राबताना दिसत होता, आणि त्याला त्याचं फार कौतुक वाटत होतं.

अकराच्या सुमाराला आभाळात कापसाच्या गाठी दिसायला लागल्या. पंतांनी कंबर धरून वर बघितलं आणि सांगितलं, पाहा, ह्या सगळ्यांचे तळ एका पातळीत आहेत. त्या उंचीला हवा पुरेशी गार होते, म्हणून ढग तिथूनच धरतो. गोदाबाई म्हणाली की हो, तव्यावर टाकलेल्या भाकरीसारखे खालून सपाट, वरून फुगलेले, ती लहानपणापासून बघत आलीय. मग खुरपं न थांबवता तिनं आणखी एक सांगितलं.

"पर पयला कुठं धरतोय ते बघा की. तुमच्या बिल्डिंगीवर. तिकडं समदं सिमेट, डांबार, पत्रं, सकाळपासनं तवा तापल्यागत तापतंय. माझ्या वावराला पाणी दिलेलं, हितं गार. हितं कशाला चढंल हवा? मंगळवारी बी पाऊस तिकडनंच सरकत आला. मला तर वाटतं, शुक्रवारी पडला तर तुमच्याच डोक्यावर पडंल."

पंत खुरपं हातात धरून बघत राहिले. सनशाईन हाइट्सच्या माथ्यावर खरंच एक ढग होता, आणि वावरावर नव्हता. ते म्हणाले की हे आपण वाचलं होतं, पाहिलं मात्र आज. पण एवढ्या बारीक हिशेबानं, कंपाउंडच्या अलीकडं कोरडं आणि पलीकडं ओलं, असं काही सांगता येत नसतं. कोंडीराम बांधावरून हसला आणि म्हणाला, साहेब, तिला बाटली द्या एक. दोघं हसले. आठवडाभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. गोदाबाई पुढच्या वाफ्याकडं सरकली. चार वाजून बारा मिनिटांनी पंत उठले, मोजे काढले, आणि त्यांच्या हातावर एक फोड आला होता, तो त्यांनी जाताना संपतला दाखवला, पावतीसारखा.

गुरुवारी पहाट फुटताना गोदाबाई पाटाच्या पाण्याचं दार बघायला वावरात गेली, तर झेंडूच्या ओळीत कुणीतरी वाकलेलं. तिला वाटलं, चोर. जवळ गेली तर कोंडीराम. डोक्याला टॉवेल गुंडाळून, भराभरा फुलं खुडून पाटीत टाकत होता. चाळीस वर्षांत तिनं त्याची पाठ अशी वाकलेली कधी बघितली नव्हती, तेव्हा ओळखायला वेळ लागला ह्यात तिचा दोष नाही.

ती ओळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "शुक्रवार कोरडा हाय ना?"

कोंडीराम दचकला नाही. तेवढा तरबेज होता.

"फळ्यावरचं गावासाठी हाय," तो म्हणाला. "हे आपल्यासाठी."

गोदाबाईनं त्याच्याकडं बघितलं, पूर्वेकडं बघितलं. आभाळात एक ठिपका नव्हता. पण ह्या माणसानं सही करून लिहिलेलं सगळं खोटं असेल. न सांगता वाकलेली त्याची पाठ खोटी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खरा अंदाज दिला होता, आणि तो तोंडानं दिला नव्हता. तिनं पदर खोचला. शेजारच्या जयाला आणि तिच्या दोन्ही जावांना हाक मारली, आणि दिवस वर यायच्या आत तोडणी सुरू झाली.

दुपारपर्यंत वावर हिरवं झालं, केशरी सगळं पाट्यांत गेलं. आता पुढची पंचाईत. शुक्रवारी पाचपर्यंत फुलं ठेवायची कुठं? ढीग केला तर आतून तापून सडतात, उन्हात टाकली तर सुकतात. पसरायला गार, हवेशीर, छपराखालची जागा पाहिजे, आणि कोंडीरामचं घर दोन खोल्यांचं. त्यातल्या एकीत तो झोपायचा आणि दुसरीत त्याचं घोरणं.

श्रीधरपंत हाताला मलम लावून बघायला आले होते. त्यांनीच तोड काढली. सनशाईन हाइट्सच्या तळघरात पार्किंग आहे, गार आहे, पंखे आहेत, पाहुण्यांच्या गाड्यांच्या आठ जागा रिकाम्या पडलेल्या असतात. सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ हे नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाहीत, म्हणून पंतांनी रीतसर अर्ज केला. अर्जात झेंडूचा उल्लेख त्यांनी 'तात्पुरती पाहुणी वाहने' असा केला, आणि तो मंजूर झाला.

गोदाबाईला आत कुठंतरी खुपलं. बुधवारी ती काय बोलली होती ते तिला आठवत होतं. पण बोललेलं दोघांनी हसण्यावारी नेलं होतं, छप्पर दुसरं नव्हतं, आणि तळघरात पाऊस कसा येईल, असं पंतांनी विचारलं तेव्हा तिनं पहिली पाटी डोक्यावर घेतली. संध्याकाळपर्यंत पाहुण्यांच्या आठही जागांत जुन्या लुगड्यांवर झेंडू अंथरून झाला. चकचकीत गाड्यांच्या रांगेत तेवढंच काहीतरी जिवंत दिसत होतं.

शुक्रवार उजाडला तो लख्ख. दहा वाजेपर्यंत आभाळ धुऊन ठेवल्यासारखं. कोंडीराम पारावर जाऊन फळ्याशेजारी बसला, चहा त्याला तीन ठिकाणांहून आला. अकराला गाठी धरल्या. एकला त्या एकमेकीत मिसळल्या. अडीचला सनशाईन हाइट्सच्या मागं एक ढग उभा राहिला, असा उंच की टॉवर त्याच्यापुढं मैलाच्या दगडासारखा दिसायला लागला. वर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत होता आणि खालून शाईसारखा काळा पडत होता. तीनला वीज कडाडली आणि पाऊस सुटला.

गोदाबाई रिकाम्या वावरात उभी होती. पाऊस तिला दिसत होता, ऐकू येत होता, पण अंगावर येत नव्हता. टॉवरच्या कंपाउंडपर्यंत पाण्याची भिंत आली आणि तिथं थांबली, जणू वॉचमननं गेटवर नाव विचारलं. जया पुढं सांगते की गोदाबाईचा डावा हात भिजला आणि उजवा कोरडा राहिला. जयाचं सोडा, पण वावरातली धूळ उडत होती एवढं खरं. पाऊण तास असा पाऊस पडला की चौदाव्या मजल्यावर कबुतरं पोहत होती म्हणतात.

मग तिच्या डोक्यात आलं की आपली फुलं तिकडं आहेत, आणि ती पळाली.

तळघराचा उतार ओढ्यासारखा वाहत होता. वीज गेली होती, पंप बंद, पंखे बंद. खाली गुडघाभर पाणी, आणि त्या पाण्यावर चौदा गुंठ्यांचा झेंडू हळूहळू फिरत होता. गाड्यांच्या मधून, चाकांशी फुलंच फुलं, एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर एक लाट फुलं ठेवून परतली होती. गोदाबाई पाण्यात उतरली आणि तशीच उभी राहिली. तिच्या मनात फुलं नव्हती त्या वेळी. तिला रोलर दिसत होता, पिवळा, तिच्या बांधावरून हळूहळू खाली उतरणारा. फुलं झाडावर ठेवली असती तर या घटकेला ती कोरडी, टवटवीत वावरात डोलत असती. वाचवायला म्हणून आणली आणि बुडवली.

उतारावर कोंडीराम आला. त्याचा चेहरा उजळलेला होता.

"कोरडा," तो म्हणाला. "मी सोता वावरात जाऊन आलो. एक थेंब न्हाई. लिवलं तसंच झालं."

मागून पंत आले, हातात नळकांडं, डोळ्यांसमोर धरलेलं. "एकतीस मिलिमीटर," ते म्हणाले. "चाळीस टक्के सांगितले होते, शंभर टक्के पडला. अहो, एवढा नेमका अंदाज माझ्या हातून आजवर झाला नव्हता."

गोदाबाईनं वळून दोघांकडं बघितलं. दोघं एकदम दोन पावलं मागं सरकले, आणि कुणाचा शुक्रवार खरा यावर भांडायला उताराच्या वरच्या टोकाला गेले.

ती वाकली. एक फूल उचललं, झटकलं. पावसाचं पाणी, नितळ. फूल जड झालं होतं, पण काळं नव्हतं. झाडावर भिजलं असतं तर देठाशी पाणी मुरून रात्रीत गेलं असतं. हे पसरून निथळलं तर उद्या दुपारपर्यंत सहज टिकेल. आणि उद्या दुपारनंतर झेंडूचं कुणाला काय काम असतं?

तेवढ्यात जिन्यानं एक बाई बादली घेऊन खाली आली. अपेक्षा नाव, चौथ्या मजल्यावर राहायची, गाडीत पाणी गेलं का बघायला आली होती. पाण्याकडं बघून ती म्हणाली, "ओ मावशी, ही फ्लॉवर्स तुमची आहेत का? मी मार्केटला निघाले होते, पण बाहेर रोडवर कमरेएवढं पाणी आहे, हडपसरपर्यंत फुल जाम. ऑफिसातून निघालेले सगळे तिकडंच अडकलेत. उद्या गाडीची पूजा करायची तर घरात एक फूल नाही."

गोदाबाईनं तिच्या बादलीकडं बघितलं. मग वर बघितलं, जिथं छताच्या वर, एकावर एक, तीनशे घरं होती, प्रत्येक घराला दार होतं, दाराला तोरण लागणार होतं, आणि प्रत्येक घराची निदान एक गाडी इथं, तिच्या फुलांत उभी होती.

"जया," तिनं हाक मारली, "समद्या चाळण्या घेऊन ये. आन् सुपं."

पुढचं काम सुपाचं आणि चाळणीचं झालं. जया आणि तिच्या जावा फुलं गाळून काढत होत्या, गोदाबाई उतारावर उभी राहून देत होती. आधी अपेक्षाची बादली गेली, मग तिनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, मग जिन्यात रांग लागली. बादल्या, पिशव्या, एकानं हेल्मेट आणलं. पाच वाजता सुखदेवचा फोन आला की टेम्पो मगरपट्ट्याच्या अलीकडं अडकलाय, नऊच्या आत काही येत नाही. गोदाबाई त्याला म्हणाली, ये निवांत, चहाला ये.

साडेसहाला बद्रीनाथ उतरले. त्यांनी पाणी बघितलं, रांग बघितली, आणि सोसायटीच्या आवारात विक्री करायला परवानगी कुणी दिली असं विचारलं. अर्जात तर पाहुण्या वाहनांचा उल्लेख होता.

"फुलं गप पडली व्हती, सायेब," गोदाबाई म्हणाली. "पाणी तुमचं आलं. फुलं तुमच्या गाड्यांकडं गेली का तुमच्या गाड्या फुलांकडं आल्या, ते मीटिंग घेऊन ठरवा. तवर किती देऊ?"

बद्रीनाथ थोडा वेळ नियम आठवत उभे राहिले. मग त्यांनी खिशातून पिशवी काढली.

सातला शेवटचं सूप रिकामं झालं. तळघरात पाणी तेवढं उरलं. वर उतारावर कोंडीराम आणि पंत अजून उभे होते, आणि आता संपतही आला होता. वावरात पाऊस पडला नाही, म्हणून शुक्रवार कोरडा. टॉवरवर पडला, म्हणून ओला. आणि गाव म्हणजे वावर की टॉवर, ह्यावर गाडी अडली होती. त्या शुक्रवारी पिंपळमळ्यात पाऊस पडला का नाही, ह्याचा निकाल अजून लागलेला नाही. नव्या तारखा मात्र पडत असतात.

गोदाबाई ओलं लुगडं पिळत पायरीवर बसली होती, तेव्हा चेतनचा फोन आला. बातम्यांत पाऊस बघितला, म्हणाला, हडपसर बुडालंय, फुलं गेली असतील, आई. वाईट वाटून घेऊ नकोस. पार्किंगवाल्यांशी सोमवारी बोलू का?

"फुलं गेली," गोदाबाई म्हणाली. "समदी गेली, एक राहिलं न्हाई. आन् पार्किंगचं म्हणशील तर मी आताच बघून आले बाबा. पाणी साचतं रं तिथं. आपलं वावर बरं."